देवळीतला आवाज

आमच्या बाहेरच्या खोलीच्या भिंतीत एक देवळी आहे. हे निवृत्त झाल्यावर आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातलं हे जुनं घर घेतलं, तेव्हाच ती होती. आधीच्या मालकांचे देव तिच्यात असत. जाताना ते देव घेऊन गेले आणि दिव्याच्या काजळीचा काळा पट्टा तेवढा मागे राहिला. मी गवंड्याला ती बुजवायला सांगितली होती. यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

"राहू दे ती," मला म्हणाले. "फक्त तिच्यात काही ठेवू नकोस. फुलदाणी नको, फोटो नको, पवित्र शास्त्रसुद्धा नको. रिकामी राहू दे."

"आणि धूळ?"

"धूळ पूस."

हे चर्चचे पाळक होते. पाळकांना असे विचार सुचतात आणि पाळकीणबाई फडकं घेऊन उभ्या राहतात. मी ती देवळी वर्षानुवर्षं पुसली, आणि तिचा अर्थ आपल्याला कळलाय असंच समजत आले. मूर्तीच्या बाबतीत मी यांच्यापेक्षाही कडक. समोर राहणाऱ्या अक्का मूळच्या मैंदर्गीच्या, घरात कानडी, दारात मराठी; जीव लावणारी बाई. त्यांनी सिद्धेश्वराचा प्रसाद आणून दिला की मी दोन्ही हातांनी घ्यायची, आणि त्यांची पाठ वळली की आता याचं काय करायचं म्हणून अर्धा दिवस घरभर फिरायची. हे हसायचे. "त्या पेढ्याला घाबरतेस तेवढं मला तरी घाबर," म्हणायचे.

यांचा आवाज मी आधी ऐकला, माणूस नंतर पाहिला. आमच्या गावच्या चर्चमध्ये हे संदेश द्यायला आले होते आणि मी खांबाआड बसले होते. आवाज मोठा नव्हता, पण न ओरडता शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की देव माझ्याशी बोलतोय. पुढे लग्न झालं, संसार झाला, लेक पुण्याला गेली. मी प्रार्थनेला डोळे मिटले की आतून जे उत्तर यायचं ते याच आवाजात यायचं. त्यात काही वावगं आहे असं कधी मनात आलं नाही. उलट देव इतक्या ओळखीच्या आवाजात बोलतो म्हणून मी त्याचे आभार मानायची.

गेल्या उन्हाळ्यात सकाळी दाढी करताना यांच्या हातातून ब्रश पडला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा पाय थोडा उचलत होता, पण वाचा गेली होती. आयुष्यभर शब्दांवर जगलेल्या माणसाकडे एकच शब्द उरला होता. नको.

चहा घेता? नको. असं म्हणत पेला हातात घ्यायचे आणि पिऊन टाकायचे. लेक फोनवर दिसली की डोळे भरून यायचे आणि तोंडातून नको, नको. सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम करून घेणारी एक मुलगी होती. तिनं मला समजावलं की अशा आजारात कधी कधी एखादाच शब्द मागे राहतो आणि तोच सगळीकडे बाहेर पडतो. त्याचा अर्थ दर वेळी नकार असेलच असं नाही. "घरात टीव्ही, रेडिओ बंद ठेवा," ती म्हणाली. "त्यांच्या समोर बसा. एक लहानसं वाक्य बोला आणि थांबा. ते शब्द शोधत असतात, मॅडम, त्यांना वेळ द्या. सुरुवातीचे महिने हातचे घालवू नका."

मी तिच्या सांगण्यातलं एवढंच उचललं की नकोचा अर्थ नको नसतो.

समोर बसलेच नाही असं नाही. बसले. "आज नळाला पाणी आलं नाही," म्हणायची आणि थांबायची. यांचे ओठ वाकडे व्हायचे, कपाळावर शीर उभी राहायची, आणि मला ते बघवायचं नाही. मीच काहीतरी उत्तर देऊन उठायची आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडायची. प्रार्थनेला बसले तर आत नुसती शांतता. यांचा आवाज बंद झाला आणि त्याच्याबरोबर देवही बोलायचा थांबला. त्याची मला जेवढी भीती वाटली, तेवढी भीती यांच्या आजाराचीही वाटली नव्हती. मी सारखं एकच मागत राहिले, आवाज परत दे. तेवढा दे, पुन्हा काही मागणार नाही. हे मागताना यांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे यायचा नाही, ते मला तेव्हा समजलं नाही.

चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी यांचे संदेश वेळोवेळी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवले होते. लेकीनं ते गोळा करून माझ्या फोनवर पाठवले आणि एक लहानसा स्पीकर घेऊन दिला. "बाबांना बरं वाटेल," म्हणाली. आमच्याकडे प्लग देवळीच्या खालीच आहे आणि त्या स्पीकरची वायर आखूड. मी तो देवळीत ठेवला. तिथून आवाज थेट चर्चमधल्यासारखा घुमला. हे पलंगावरून म्हणाले, "नको." मी आवाज थोडा वाढवला.

मग तो दिवसभर चालू राहायला लागला. सकाळी उठले की आधी स्पीकर, मग चहा. मी देवळीखाली खुर्ची ओढून भाजी निवडायची, शेंगा सोलायची, उपास धरला की प्रार्थनाही तिथेच बसून करायची. धूळ बसू नये म्हणून स्पीकरखाली एक भरतकामाचा रुमाल अंथरला. घरप्रार्थनेला मंडळीतल्या बायका यायच्या, यांना "जय ख्रिस्त, साहेब" म्हणायच्या आणि देवळीकडे तोंड करून बसायच्या. "पाळकीणबाई, तो लग्नातल्या द्राक्षारसाचा संदेश लावा की," अशा फर्माइशी व्हायच्या. एकीनं तापानं फणफणलेल्या नातवाला आणून स्पीकरजवळ धरलं. मी तिला अडवलं नाही. मला बरं वाटलं. त्या बायकांत मी पुन्हा कुणीतरी होते. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे आणि आम्ही एकमेकींना सांगायचो, साहेब ध्यानात आहेत.

मधूनच वीज जायची. आवाज थांबायचा. तेव्हा हे मान वळवून माझ्याकडे बघायचे, ओठ हलवू लागायचे. मी वीजवाल्यांच्या नावानं खडे फोडत खिडकीशी जाऊन उभी राहायची.

दवाखान्यातली मुलगी प्रत्येक खेपेला विचारायची, समोर बसता ना? मी हो म्हणायची. एकदा ती यांच्यासमोर चित्रांचे पत्ते धरून बराच वेळ थांबली. हे खाली बघत राहिले. "प्रयत्न करायचं सोडतायत ते," ती मला बाहेर येऊन म्हणाली. "असंच राहिलं तर आहे तेवढ्यावरच थांबेल." रिक्षातून येताना मी यांचा निर्जीव उजवा हात मांडीवर घेऊन बसले होते आणि देवाशी मनात कडाकडा भांडत होते. आयुष्यभर तुझीच चाकरी केली या माणसानं, तुला त्याची जीभच सापडली का? घरी पोचल्यावर यांना पलंगावर बसवलं आणि चपला काढायच्या आधी स्पीकर लावला. आवाज ऐकू आला तेव्हा कुठे श्वास घेता आला.

आता वाटतं, दारुडा बाटली शोधतो त्याच्यात आणि माझ्यात काय फरक होता? पण त्याला निदान लोक नावं ठेवतात. मला लोक म्हणत होते, केवढा हा विश्वास!

श्रावणातल्या सोमवारची दुपार होती. देवळीतून वासराचा संदेश चालला होता. निवृत्तीनंतरही हे तो द्यायचे, मंडळीचा फार आवडता. लोकांनी अंगावरचं सोनं दिलं, त्याचं वासरू करून देव म्हणून पुजलं, आणि जाब विचारल्यावर ते घडवणारा म्हणतो की मी सोनं नुसतं विस्तवात टाकलं आणि हे वासरू आपोआप बाहेर आलं. हे तिथे असा काही भाबडा आवाज काढायचे की सगळं चर्च हसायचं. रेकॉर्डिंगमध्ये ते हसू ऐकू येतं. त्यात माझंही आहे. हे पलंगावर बसले होते. मी देवळीखाली तांदूळ निवडत होते.

अक्का देवळातून परस्पर आमच्याकडे आल्या. आवाज ऐकून त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, परडीतलं शेवंतीचं एक फूल काढलं, रुमालावर स्पीकरच्या पुढ्यात ठेवलं आणि हात जोडले.

"अक्का," मी ताडकन उठले. तांदूळ सगळीकडे सांडले. "काय करताय हे? आमच्यात असलं चालत नाही."

अक्का गोंधळल्या. "का वो वैनी? काय चुकलं?"

"स्पीकर आहे तो. देव नाही."

"व्हय?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "मला वाटलं, तुमच्यात मूर्ती नसतीय, आवाज असतोय. तुमी तितंच बसताव, तितंच रडताव. त्या बाईनं बी पोराला तितंच धरलं की. मी म्हनलं, आपुन बी एक फूल ठिवावं. सायबास्नी बोलाय येऊ दे."

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी देवळी बोलली. "आमच्या घरी एक रिकामी देवळी आहे," यांचा आवाज सांगत होता. "ती मी मुद्दाम तशीच ठेवली आहे. कारण रिकामी देवळी फार दिवस रिकामी राहत नाही, बंधूंनो." पुढचं वाक्य मला तोंडपाठ होतं. नेहमी मी ते त्यांच्याबरोबर म्हणायची आणि शेवटी आमेन.

पलंगावरून एक विचित्र आवाज आला. हे हसत होते. वाकड्या तोंडानं, खांदा गदगदा हलवत, लाळ गळत होती तरी हसत होते. आजारानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग त्या हसण्याचं रडणं झालं. डावा हात देवळीकडे करून म्हणाले, "नको." माझ्याकडे बघत पुन्हा म्हणाले, "नको. नको."

त्या नकोचा अर्थ नको होता. पहिल्या दिवसापासून नको होता. घरात जिवंत माणूस एका शब्दानिशी माझ्याशी बोलत होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून त्याचाच आवाज पूजत होते.

मी प्लग ओढला. पलीकडच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खडखड एकदम घरात आली. अक्का पदर सावरत हळूच निघून गेल्या. त्या फुलाचं काय करावं कळेना. शेवटी ते यांच्या डाव्या हातात दिलं. यांनी नाकाशी नेऊन वास घेतला.

स्पीकर मी संडेस्कूलला देऊन टाकला. फोनमधले संदेश मात्र राहिले होते, आणि मी स्वतःला ओळखत होते. दुसऱ्या दिवशी यांच्या समोर खुर्ची घेऊन बसले आणि फोन पुढे धरला. "हे सगळं पुसून टाकू?"

"नको," हे म्हणाले.

आता हा नको कुठला? पुसू नको, की नुसताच आलेला? पूर्वीची मी असते तर मला हवा तो अर्थ घेऊन उठले असते. मी थांबले. यांच्या कपाळावरची शीर उभी राहिली, ओठ हलले, काही आलं नाही. मला सुटून पळावंसं वाटत होतं. मी खुर्चीची कड घट्ट धरून बसून राहिले. बऱ्याच वेळानं यांनी डाव्या हातानं फोन घेतला, पलंगावर पालथा ठेवला, आणि तोच हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

ते संदेश अजून फोनमध्ये आहेत. मी लावत नाही. काही दुपारी इतकं लावावंसं वाटतं की मी फोन अक्कांकडे नेऊन ठेवते. मंडळीतल्या बायका आता कमी येतात. यांना नवा शब्द आलेला नाही. ती मुलगी मला दोष देत नाही, पण बराच काळ वाया गेला हे तिच्या तोंडावर दिसतं, आणि तो कुणामुळे गेला ते मला ठाऊक आहे. देवही बोललेला नाही. डोळे मिटले की आत तीच शांतता, आणि तो कुठल्या आवाजात बोलेल याचा मला अंदाजही नाही. कधी वाटतं, इतकी वर्षं मी देवाला ओळखतच नव्हते. या वयात ओळख करून घ्यायला कुठून सुरुवात करू? तरी मी बसते, एक लहान वाक्य बोलते आणि थांबते. दोघांशीही तसंच.

काल संध्याकाळी मी यांना म्हणाले, "आज फार उकडतंय." थांबले. यांनी प्रयत्न केला, आणि काही आलं नाही. माझा धीर सुटला. "चहा टाकते," म्हणून मी उठले. यांनी डाव्या हातानं माझा पदर धरला.

"नको," म्हणाले.

मी पुन्हा बसले.