कंडक्टर मावशींची डबल बेल

आमच्या गारखेड्याच्या बिल्डिंगमधली लिफ्ट सहा माणसांची. पण कंडक्टर मावशी आत असल्या की तीत नऊ मावत. "सरका, मधी लई जागा हाय," म्हणत त्या माणसं रचायच्या. एकदा माझं नाक शेजाऱ्याच्या दुधाच्या पिशवीला टेकलेलं असताना लिफ्ट अडकली. तरी मावशी म्हणाल्या, "गडबड करू नगा, निघतीच गाडी आता." एसटीतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण अंगातली एसटी काही उतरली नव्हती.

त्यांचं माहेर सोयगावकडच्या डोंगराखाली. गावाच्या वर दगडाची खदान होती. दगड संपला तसा ठेकेदार यंत्रं घेऊन पसार झाला आणि चुऱ्याचा भलाथोरला ढीग ओढ्याच्या काठावर टाकून गेला. दर पावसाळ्यात तो चुरा ओढ्यात उतरायचा. पाणी राखेसारखं व्हायचं, बैल तोंड लावत नसत. मावशींचा धाकटा भाऊ कंटाळून म्हणाला, "अक्का, औंदा पाणी असंच आलं तर मी शेंद्र्याला कंपनीत वॉचमन व्हतो." आईवडील कधीच गेलेले. भाऊ गावातून उठला की मावशींचं माहेर संपलं. त्यांनी साहेबांना भेटून पाहिलं, पुढाऱ्यांना सांगून पाहिलं. वरची वाट वाहून गेल्यामुळं जेसीबीही चढेना. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना हुरडा खायला बोलावलं.

हुरड्याला नाही म्हणणारा माणूस गारखेड्यात सापडायचा नाही. आम्ही इस्त्रीचे कपडे घालून, शेव आणि चटणीचे डबे घेऊन पोचलो. शेतात आगटी पेटली होती, भाजत्या कणसांचा वास सुटला होता. मावशींनी आमच्या हातात घमेली दिली. "आधी तिकीट, मंग प्रवास." ढिगावरचा चुरा पलीकडच्या खदानीच्या खड्ड्यात परत टाकायचा, जिथला तिथं. सावलीत टेकणारा विनातिकीट, आणि विनातिकिटाला नुसती चटणी.

बाभळीला त्यांनी बैलाच्या गळ्यातली घंटा बांधली होती. दोरी एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. आम्ही ढिगापासून खड्ड्यापर्यंत रांग धरली. मी शेवटचा, अगदी काठावर. रांगेत मधे फट पडलेली दिसली आणि मावशी सवयीनं गरजल्या, "पुढं सरका, पुढं!" ही हाक ऐकून जागेवर उभा राहील असा मराठवाड्याचा माणूस अजून जन्मायचा आहे. सगळी रांग पुढं सरकली आणि मी घमेल्यासकट खाली गेलो. मऊ चुऱ्यात बसकण मारून वर पाहतो, तर मावशी काठावरून वाकलेल्या. "उतरायचं व्हतं तर घंटी मारायची की, साहेब." सगळे पोट धरून हसत सुटले. मीही खाली बसल्या बसल्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. इतकं मी कित्येक वर्षांत हसलो नव्हतो.

दुसऱ्या रविवारी एका शेळीनं घंटेची दोरी चघळायला घेतली. आम्ही नुकते हुरड्याला बसलो होतो. टण टण झाल्याबरोबर सगळे तोंडात घास घेऊन उठले आणि रांगेत उभे राहिले. मावशीही राहिल्या. घंटा कोणी दिली, याची चौकशी झाली तेव्हा शेळी दोरीचा शेवटचा तुकडा गिळत होती. मावशींनी तिच्यापुढं हुरड्याचं कणीस टाकलं. म्हणाल्या, "ही एकटीच ड्युटीवर हाय."

हुरडा संपला, उन्हं तापली, तशी विनातिकीट मंडळी घरी बसली. आम्ही चार-पाच जण जात राहिलो, पण मृग तोंडावर आला तरी ढीग थोडा उरलाच. मावशी बेचैन झाल्या. मला फ्लॅटची चावी दिली, "आठ दिसांत येते," म्हणाल्या आणि गेल्या. भावाला हाताशी धरून त्यांनी उरलेला चुरा खड्ड्यात लोटला आणि ओढ्याच्या काठानं दगडांचा बांध घातला. आठ दिवसांचे महिने झाले.

पोळ्याला मी मावशींच्या गावी गेलो. भाऊ ओढ्यात बैल धूत होता. तळाचे गोटे दिसत होते. एका बैलानं मान खाली घातली आणि तो पाणी पीत राहिला. मला नाचावंसं वाटलं आणि मी थोडा नाचलोही. भावानं भल्या माणसासारखं तिकडं पाहिलं नाही.

"शेंद्र्याचं काय ठरलं?" मी विचारलं.

"आता कशाला जातो, साहेब."

"त्यो नाय जात," काठावरून मावशी म्हणाल्या. "आन् मी पण नाय येत. ती चावी तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बाईंचं माहेर राहावं म्हणून घमेली वाहिली. ते राहिलं, तर बाईच तिथं राहणार, हे कळायला काय अवघड होतं? मी आनंदात होतो आणि मला रडूही येत होतं.

संध्याकाळी मावशी मला फाट्यावर सोडायला आल्या. मी बसमध्ये चढलो आणि गाडी निघाली. जरा पुढं गेल्यावर, का कोण जाणे, मी हात वर करून घंटेची दोरी एकदा ओढली. गाडी कचकन थांबली.

"उतरायचंय का, काका?" कंडक्टर वैतागून म्हणाला.

मी खिडकीतून मागं पाहिलं. मावशी फाट्यावर उभ्या होत्या. हसत होत्या, आणि दोन बोटं वर करून दाखवत होत्या.

"नाही," म्हणालो आणि दोरी दोनदा ओढली.