मातीच्या मांजराने हात केला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मिरच्यांचे देठ काढणं. आठ महिने झाले. लालबागहून वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या आणल्या होत्या, त्या पेपरवर पसरून मी आणि बायको देठ मोडत बसलो होतो. दुपारचे तीन. दोघांना ठसका. ती म्हणाली, "अर्धे देठ तसेच ठेवताय, कानासारखे डोळे पण गेले काय?" मी म्हटलं, "मग तूच कर." तिने केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना खाली बसली ती बसलीच. सुमन तिचं नाव. एकेचाळीस वर्षं संसार.

हे आधीच लिहिलं, कारण वाचून कोणीतरी म्हणणार — म्हातारा बायको गेल्यापासून भ्रमिष्ट झालाय. दुःख आहे. भ्रमिष्ट नाही. मी सातवी शिकलेला माणूस. गिरणीत सव्वीस वर्षं साचे चालवले, साचा म्हणजे कापडाचा माग. भूत, करणी, अंगात येणं असलं मी कधी मानलं नाही. चाळीत कोणाच्या अंगात आलं की मी विचारायचो, "आलीस ना बाई, मग उद्या पाणी किती वाजता येणार ते सांग." ह्या ग्रुपवरचे तुमचे अनुभव माझ्या मित्राची मुलगी नीता मला दाखवायची, तेव्हा मी हसायचो. आज माझाच लिहितोय. शुद्धलेखन नीताने बघितलंय. बाकी एक शब्द तिने बदलला नाही, मी बदलू दिला नाही.

आधी एक गोष्ट कबूल करतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी भजनात बुवा. परळ-लालबागच्या कोकणी लोकांत डबलबारी असते — दोन बुवा समोरासमोर, एकाने गायचं, दुसऱ्याने त्याला गाण्यातच उत्तर द्यायचं, लोक ठरवतात कोण जिंकला. भोईवाड्याचा गोविंद बुवा आणि मी, तीस वर्षं एकमेकांसमोर बसलो. जास्त वेळा मी जिंकलो. लोक म्हणायचे, दिगूच्या रक्तात ताल आहे.

रक्तात काही नव्हतं. साचेखात्यात कान गेले होते माझे. समोर एकटा माणूस बोलला तर ऐकू येतं. पण पखवाज, झांज, पेटी, मागचा कोरस असं सगळं एकदम सुरू झालं की माझ्या कानात नुसतं साचेखातं होतं. खडखडखडखड... त्यात समेवर कुठे तोंड धरायचं, म्हणजे ओळ कुठे उचलायची, ते मला कळायचंच नाही.

ते सुमन सांगायची. हाताने.

ती आमच्याच गिरणीत वाइंडिंगला, धागा गुंडाळायच्या खात्यात होती. गिरणीत कोणाचं कोणाला ऐकू यायचं नाही, सगळं बोलणं खुणांनी. पंजा सरळ उभा — थांब. पंजा पालथा करून बोटं आपल्याकडे ओढली — ये. आमचं लग्नही त्याच खुणांवर जमलं. भजनात ती बायकांच्या पहिल्या रांगेत बसायची, हात गुडघ्यावर. कोरस ओळ घोळवत असला की तिचा पंजा उभा. थांब... थांब... आणि मग बोटं आत. ये. मी तोंड धरायचो आणि मंडप टाळ्या वाजवायचा.

हे जगात दोघांनाच माहीत होतं. ती गेल्यावर एकालाच.

म्हणून मी गाणं बंद केलं. लोकांना वाटलं, दुःखाने. दुःख होतंच. पण खरं कारण भीती. एकदा गायलो की तीस वर्षांचं नाव एका ओळीत जाणार होतं.

आता त्या संध्याकाळचं सांगतो.

वसंता आमचा पेटीवाला. त्याला पंचाहत्तर झाली म्हणून त्याच्या मुलीने, नीताने, आम्हा तिघांना बाहेर न्यायचं ठरवलं — वसंता, गोविंद आणि मी. मी नाही म्हटलं. वसंता घरी आला आणि माझा खुंटीवरचा शर्ट काढून माझ्याच अंगावर फेकला. "वर्षभर घरात बसान काय अंडी उबवतलंस? चल."

परळला एका बंद गिरणीच्या आवारात काचेची इमारत झालीय, तिथे वर जपानी हॉटेल. साडेसहाला पोचलो. काउंटरवर सोनेरी मांजर, एक हात वर करून सारखा हलवतंय. वसंता त्याला म्हणाला, "काय गो बाय, घराकडे सगळी बरी मां?" बिल करणारा माणूस पण हसला.

नीताने काय काय मागवलं. भातावर कच्चा मासा. वसंताने ताट लांब सारलं.

"ह्या कच्चा खाऊक मी काय मांजर आसंय?"

"बाबा, हा साबा. म्हणजे आपला बांगडाच."

"बांगडो?" वसंताने वाकून बघितलं. "मेल्यांनी बांगड्याक आंघोळ घालून भातार निजवल्यानी. तिरफळाचो पत्तो नाय."

पण खाल्लान. सहा खाल्लान. गोविंदला त्या दोन काड्या काही जमेनात, त्याचा घास तीनदा मांडीवर. मी पहिल्या फटक्यात उचलला. साच्यावर तुटलेला धागा दोन बोटांनी पकडून ओवलाय सव्वीस वर्षं, मला भाताचा गोळा काय जड! गोविंद बघत राहिला. "इथे पण जिंकतोस, साल्या." आठ महिन्यांत पहिल्यांदा मला चार घास चवीने गेले. खोटं कशाला सांगू?

मग नीता म्हणाली, "आता कराओके." माळ्यावर एक छोटी बंद खोली. सोफा, मोठा टीव्ही, दोन माईक. टीव्हीच्या बाजूला फळी, त्यावर आणखी एक मांजर — पांढरं, तांब्याएवढं, तसाच एक हात वर. नीताने समजावलं, टीव्हीवर शब्द येतात, गायचा शब्द पिवळा होतो, शेवटी मशीन मार्क देतं.

मार्क म्हटल्यावर गोविंद उठलाच. सिनेमातलं एक जुनं मराठी गाणं लावलं, आम्हा तिघांना पाठ असलेलं. गळा अजून आहे त्याचा, नाव ठेवणार नाही. पण मधल्या म्युझिकनंतर दोनदा अडखळला. मशीनने दिले एक्क्याऐंशी. गोविंदने माईक माझ्यापुढे धरला.

"हं. आता तू. बारी होऊन जाऊ दे."

"मला नको."

"घाबरलास?"

"नको म्हटलं ना."

"काय रे बुवा... वहिनी गेल्या त्या गळा पण घेऊन गेल्या काय?"

वसंताने त्याला कोपर मारलं. गोविंदलाही कळलं, जास्त बोललो. पण शब्द निघून गेलेला. आणि तो बोलला ते अर्धं खरंच होतं ना... तेच झोंबलं मला. मी माईक हिसकावून घेतला. म्हटलं, "तेच गाणं लाव."

लावलं. चारी बाजूंनी स्पीकर. दोन सेकंदांत माझ्या कानात साचेखातं. टीव्हीवर शब्द आले तर ते इंग्रजी अक्षरात! मला इंग्रजी कुठे येतंय? अक्षरं पिवळी होत पळायला लागली, मी उभा. पहिली ओळ गेली. गोविंद हसला — ऐकू नाही आलं, दात दिसले. माईक खाली ठेवणार होतो.

तेवढ्यात फळीवरच्या मांजराचा पंजा सरळ झाला.

मी काउंटरवरचं हलणारं मांजर बघून आलो होतो, म्हणून आधी वाटलं, हे पण तसलंच, सेलवालं. पण सेलवालं एकसारखं हलतं, घड्याळासारखं. हे हललं आणि थांबलं. पंजा उभा. उभाच. थांब... आणि मग दोनदा बारीक हलला, सुमन करायची तसा, 'जरा दम धर' म्हणून. मग पंजा वाकून आत आला.

ये.

मी तोंड धरलं. कसं धरलं मला विचारू नका. आवाज निघाला तो छातीतून निघाला, आठ महिन्यांचा साचलेला. वसंता सोफ्यावरून उठून उभा राहिला.

पुढे मधलं म्युझिक आलं. परत पंजा उभा. मी नजर हलवली नाही. टीव्हीवर अक्षरं पिवळी व्हायला लागली, नीता हात हलवून सांगतेय, 'काका, सुरू करा.' मांजर म्हणतंय, थांब. मी मनात म्हटलं, सुमन, अक्षरं पळाली गं. पंजा हलला नाही. एवढी वर्षं मी कोणाचं ऐकलं? तिचं. थांबलो. मग — ये. धरलं. तिसऱ्या वेळी पण तसंच. शेवटची ओळ मी डोळे मिटून घोळवली, भजनात घोळवतो तशी, त्या गाण्यात नाही ती तान घातली आणि बरोबर समेवर येऊन बसलो. उघडले डोळे तर वसंता नाचतोय, काचेच्या दरवाजाबाहेर चार पोरं-पोरी टाळ्या वाजवतायत, आणि टीव्हीवर आकडा — शहाण्णव.

गोविंद उठला. वाटलं, काही तरी वाकडं बोलणार. माझ्या पायाला हात लावलान. "हरलो बुवा. तिथे थांबायचं तुला कळलं कसं? शब्द आधीच पळत होते, मी दोन्ही वेळा तिथेच फसलो." नीतापण तेच म्हणाली — त्या गाण्यात म्युझिकनंतर मशीनचे शब्द जरा लवकर येतात, तिच्या नंतर लक्षात आलं.

म्हणजे बघा. टीव्ही चुकत होता. मांजर बरोबर होतं.

पाणी घेऊन आलेल्या मुलीला मी विचारलं, "ये बिल्ली सेल पे चलता है क्या?"

"नहीं अंकल. सेलवाला नीचे काउंटर पे है. ये मिट्टी का है."

मी जाऊन हात लावला. थंड माती. हात अंगाशी अखंड, मध्ये सांधाच नाही. काखेत धूळ बसलेली, ती पण विस्कटलेली नव्हती. बाकी कोणी काही बघितलं नव्हतं. नीताने मोबाईलवर व्हिडिओ काढला होता, तो मी निदान वीस वेळा बघितलाय. मी एकटक मांजराकडे बघून गातोय. मांजर ढिम्म.

खाली उतरताना वसंताला हळूच सांगितलं, फक्त मांजराचं. तो पांढराफटक. "दिगू... हात करून बोलावता म्हणजे... तुका न्हेऊक आली काय रे ती?"

मी म्हटलं, "न्यायला आली असती तर तीन वेळा थांब कशाला म्हणाली असती?"

आणि मी हसलो. भररस्त्यात, मोठ्याने. परळपासून घरापर्यंत चालत आलो, छाती पुढे काढून, वरातीतला नवरदेव चालतो तसा.

तुम्ही लोक शिकलेले आहात. कोणी म्हणेल मनाचा खेळ, कोणी म्हणेल डोळ्यांचा. असेल. पण मग जे मला ऐकू येत नव्हतं, वाचता येत नव्हतं, आणि टीव्हीलाही माहीत नव्हतं, ते माझ्या मनाला कुठून कळलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी भोईवाड्यात गोविंदच्या दारात. तो टॉवेल गुंडाळून गॅलरीत दात घासत होता. मी म्हटलं, "एक सांगायचंय, मध्ये बोलू नको." कानांचं सांगितलं. खुणांचं सांगितलं. पहिल्या रांगेचं सांगितलं. तीस वर्षांचं सगळं. तो तोंडातला फेस तसाच ठेवून ऐकत राहिला. मग चूळ भरून आला.

"म्हणजे तू मला कधी हरवलंच नाहीस."

"गायलो मी. मोजत ती होती."

"आणि मी येडा! दर बारीला आधी वहिनींच्या पाया पडायचो. त्या म्हणायच्या, 'चांगलं गा हां भावजी.' आणि समोर बसून मलाच मारत होत्या होय?"

हसायला लागला. इतका की टॉवेल सांभाळेना. मग तसाच डोळे पुसत आत गेला आणि पेटी घेऊन आला.

"आता धर. बिनहाताचं."

"चुकेन."

"चूक की मग. मरतोस काय?"

मी भजन धरलं. त्याने मुद्दाम जोरात पेटी दाबली, त्याच्या नातवाने झांज घेतली. तिसऱ्या ओळीला मी एक मात्रा आधीच घुसलो. गोविंदने पेटीवर थाप मारली आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असा ओरडला, "चुकलास!"

तीस वर्षांत हा शब्द मला कोणी ऐकवला नव्हता.

"परत घे," तो म्हणाला.

मी परत घेतलं.