नळीत अडकलेली गोळी

माझ्या ठासणीच्या बंदुकीत गोळी अडकली, त्याला कारण अमेरिकेतला एक दाढीवाला. मी त्याला फक्त मोबाइलवर बघितलंय.

माले गावाच्या वरच्या अंगाला आमचं भाताचं शेत आहे. बंदूक वडिलांची, परवाना पीक संरक्षणाचा, त्यांच्यामागं तो माझ्या नावावर झाला. बंदुकीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा ठासायचा, मागं ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. वडील दारूवर नुसता काथ्याचा बोळा ठासत. आवाज व्हायचा, धूर व्हायचा, रानडुकरं पळायची. यात सुधारणा करावी असं आमच्या घरात कुणाला वाटलं नव्हतं. पिरंगुटच्या कारखान्यातून मी निवृत्त झालो आणि मला वाटलं.

दाढीवाला तासन्‌तास बोलतो. कोणत्या जनावराला कोणती गोळी, गोल की लांबट, सुटताना तिचा वेग किती आणि लांब जाईतो उरतो किती. हलकी गोळी जोरात सुटते पण लवकर दमते. जड गोळी सावकाश निघते, पण पोचली की आत शिरते. आमच्या भावकीतली माणसं अशीच दोन प्रकारची असल्यामुळं मला ते लगेच पटलं. शेजारीच राहणाऱ्या चुलत्यांना मी हे सगळं समजावून सांगितलं. ते विळ्याला धार लावत होते.

"डुकराला येग मोजून दाखवनार हाईस का?" ते म्हणाले. "त्याच्या कानापातुर आवाज गेला की झालं."

"मारायचं नाही काका. पण अंगावर आलं तर? एक गोळी भरलेली असावी."

"अंगावर आलं तर झाडावर चढायचं. तुजा बाप तेच करायचा."

मी ऐकलं नाही. धरणावर मासे धरणाऱ्याकडून जाळ्याची शिशाची वजनं आणली, वितळवून गोल, जड गोळी ओतली. दाढीवाल्याचं म्हणणं, गोळीभोवती कापड घट्ट हवं, म्हणजे दारूचा जोर बाजूनं निसटत नाही आणि वेग वाढतो. त्याच्या हातातलं कापड पातळ होतं. माझा टॉवेल सोलापुरी होता.

निम्म्या नळीपर्यंत गोळी गेली आणि बसली. गजानं ठासली, हलेना. मागं ओढायला काही धरायला नव्हतं. गोळी दारूला टेकलेली नसेल आणि बार काढला, तर गोळीच्या आधी नळीच फुटते. हेही दाढीवाल्यानंच सांगितलेलं. बंदूक हळूच पडवीतल्या खाटेवर ठेवली. ठेवल्यावर लक्षात आलं, तिचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडं आहे आणि दारामागं गॅसची टाकी आहे.

"टोपी लावलेली नाही, उडणार नाही," मी बायकोला सांगितलं.

"मग उचला की."

मी उचलली नाही. त्या दिवसापासून घर मागच्या दारानं चालू लागलं. बायको डबा घेऊन गोठ्याला वळसा घालून पडवीत यायची आणि जेवण माझ्यापुढं लांबूनच सरकवायची. मी खाटेशेजारी खुर्ची टाकून बसलेला. बाहेर जायची सोय नव्हती, कुणी चुकून हात लावला तर? घराची राखण करायला बंदूक असते म्हणतात. आमच्याकडं ती आम्हाला राखत होती.

त्यातच निवडणूक लागली. पोलीस पाटील निरोप घेऊन आले, परवान्याची हत्यारं उद्या संध्याकाळपर्यंत पौडला ठाण्यात जमा करा.

"न्हाई केली तर परवाना जाईल," चुलते म्हणाले. "आन एकदा गेला की परत मिळनार न्हाई. मग बस डुकरांना हात जोडीत."

चुलत्यांना राखणीला बसवून मी ठाण्यात गेलो. बंदूक न घेता.

"भरलेली बंदूक जमा होत नाही," हवालदार म्हणाले. "मोकळी करून आणा."

"साहेब, ती उडवूनच मोकळी होते."

"आचारसंहितेत बार काढलात तर गुन्हा लावीन."

"मग काय करू?"

"हे भरायच्या आधी विचारायचं. नळीत आहे काय नक्की?"

"गोळी. आणि टॉवेल."

हवालदारांनी पुढ्यातली वही मिटली. "काका, निवडणुकीचं काम आहे हो आम्हाला."

परत येताना जीपमध्ये मी दाढीवाल्याचे सगळे व्हिडिओ चाळले. एक नवशिक्यांसाठी होता, तो मी आजवर उघडलाच नव्हता. त्यात पहिलंच वाक्य होतं: अडकली तर पाणी. दारू भिजली की मेली.

बंदूक उचलायला मग आम्ही दोघं लागलो. तोंड आभाळाकडं, मी दस्त्याला, चुलते नळीला. बायको मागच्या दाराआडून सांगत होती, "टाकीकडं न्हाई, टाकीकडं न्हाई." म्हशीच्या हौदात बंदूक बुडवली. म्हशीनं त्या दिवशी पाणी प्यायचं नाकारलं.

सकाळी वेल्डिंगवाल्याकडून गजाच्या टोकाला लाकडात मारायचा स्क्रू जोडून आणला. तो गोळीत पिळला, बंदूक गोठ्याच्या खांबाला बांधली आणि दोघांनी गज ओढला. दुपार टळायला आली तेव्हा आम्ही दोघं एकदम मागं पडलो. काळ्या राडीतून गोळी बाहेर आली, तिच्यामागं टॉवेलचा काठ.

"ह्यो माज्या भावानं दिलेला व्हय?" बायकोनं काठ ओळखला. मी लगेच पौडला निघालो.

हवालदारांनी नळीत टॉर्च मारला, फुंकर घातली, पोच दिली. "टॉवेल आणला नाहीत?" एवढंच विचारलं.

परवाना वाचला. बंदूक मात्र निकालापर्यंत ठाण्यात, आणि शेतात इंद्रायणी भात पिकून उभा. दिवेलागणीला चुलते आणि मी शेतातल्या राखणीच्या माचावर चढून बसलो. मी नातवाचा स्पीकर मोबाइलला जोडून आणला होता. दाढीवाल्याचा बार मोठ्यानं वाजवायचा, डुकरं पळतील.

डुकरं आली. बांध ओलांडून थेट माचाखाली. मी व्हिडिओ लावला. दाढीवाला गोळी निवडू लागला. हलकी, मग जड, मग मधली. मला पुढं ढकलता येईना, रेंज गेली होती आणि चाक फिरत होतं. रेंज आली तर जाहिरात सुरू. खाली कचाकच भात खाल्ल्याचा आवाज.

"उडवनार कवा ह्यो?" चुलते कुजबुजले.

"आता वेग सांगेल, मग उडवेल."

एका मोठ्या नरानं माचाच्या खांबाला अंग घासलं. माच हलला. मी चुलत्यांचा हात धरला.

"काका, अंगावर आला तर?"

"झाडावर चढायचं," ते म्हणाले. "पर सायेब, आपन आधीच चढलोय."

मग त्यांनी माझ्या मांडीवरचा डबा उचलला, भाकरी माझ्या हातात दिली आणि रिकाम्या डब्यावर विळा बडवायला लागले. डुकरं उधळली. दाढीवाल्याचा बार त्यानंतर झाला.