त्या एका पानाचा फोटो

रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती बावीस वर्षं काम करत होती. पेशंट तिला ‘हलक्या हाताच्या बाई’ म्हणायचे. ती रजेवर असली, की उपाशीपोटी आलेली माणसंसुद्धा ‘उद्या येतो’ म्हणून परत जायची. दुपारी घरी आली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ती कादंबऱ्या लिहायची. पहिल्या दोन फारशा कोणी वाचल्या नाहीत. तिसरी गाजली, पण नको त्या कारणाने.

त्या कादंबरीतली मुलगी अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं अकरा वर्षं सगळं करते आणि शेवटी त्यांना वृद्धाश्रमात ठेवून येते. घरी येऊन ती गाढ झोपते. ‘मला वाईट वाटलं नाही,’ म्हणते. पुढच्याच पानावर ती दचकून उठते, सवयीने औषधाची बाटली शोधायला लागते आणि ढसाढसा रडते. पण कोणीतरी फक्त आधीच्या पानाचा फोटो काढला आणि तो फोनाफोनांवर फिरला.

आधी शिव्या आल्या. मग ‘तुझ्या बापालाही असंच टाकलंस का?’ असे मेसेज आले. तिचे वडील तिच्याच घरी, तिच्याच मांडीवर गेले होते. तिने पहिले काही दिवस एकेकाला समजावून उत्तरं लिहिली. त्याने लोकांना आणखी चेव आला. मग एका सोमवारी तिच्या स्कूटरचा, नंबरासकट, फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘रोज कुठून जातेस ते माहीत आहे.’

दुसऱ्या दिवशी एका आजींची शीर तिला दोनदा सापडली नाही. आजी म्हणाल्या, “बाई, आज बरं नाही का?” ती हातमोजे काढून आत गेली आणि बेसिनपाशी उभी राहिली. त्या दिवशी तिने घरी सांगितलं.

नवरा म्हणाला, “फोनच बंद करून टाक.” पण लॅबचे रिपोर्ट फोनवरूनच जायचे. तेवढ्यात तिच्या नणंदेने हात पुढे केला. “आण इकडे.” नणंदेने पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रार खिडकीवर नोकरी केली होती. “एकतीस वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्यात मी. मला त्या पचतात. यापुढे तू एकही वाचायची नाहीस.”

तेव्हापासून ज्यावर हे मेसेज यायचे ते खातं नणंद सांभाळू लागली. धमक्यांचे कागद छापून, तारखा घालून तिने फाईल लावली. संध्याकाळी भाजी निवडताना विचारलं तर तेवढंच सांगायची, “आज सतरा. सोळा नुसते भुंकणारे. एक फाईलमध्ये.”

फाईल घेऊन दोघी पोलीस ठाण्यात गेल्या. तिथले साहेब पानं चाळत म्हणाले, “थोडे दिवस लिहिणं बंद ठेवा ना. कशाला उगीच?”

“चोरी झाली म्हणून कोणी आलं,” नणंद म्हणाली, “तर त्याला घरात राहणं बंद ठेवा म्हणता का तुम्ही?”

साहेबांनी तक्रार नोंदवून घेतली. सायबर विभागातल्या बाईंनी स्कूटरचा फोटो मोठा करून पाहिला. स्कूटरच्या पुढे लॅबच्या काचेवरची अक्षरं उलटी दिसत होती. म्हणजे फोटो लॅबच्या आतून, पेशंट बसतात तिथून काढलेला होता. सीटचं कव्हर नवं होतं आणि ते तिने फोटो येण्याच्या आदल्या शनिवारीच बदललं होतं. शनिवार ते सोमवार लॅबमध्ये आलेल्यांचे नंबर पोलिसांनी धमकी आलेल्या खात्याच्या नंबराशी ताडून पाहिले आणि माणूस सापडला.

तो दर तीन महिन्यांनी साखर तपासायला यायचा. दंडावर रबर बांधलं की मान फिरवून घ्यायचा. ठाण्यात तो समोर बसला तेव्हा तिला त्याचा चेहरा आधी आठवला नाही, कोपरापाशी उठून दिसणारी ठळक शीर आठवली.

“नऊ वर्षं आईचं मी एकटा करतोय,” तो म्हणाला. “उठवणं, पुसणं, भरवणं. आणि तुम्ही लिहिता, वाईट वाटलं नाही?”

“पुढचं पान वाचलंत?”

“पुस्तक नाही वाचलं. तो फोटो आला होता.”

“तुमचा राग मला समजतो,” ती म्हणाली. “पण त्या गाडीवर माझ्यामागे माझी मुलगी बसते. आठवडाभर ती शाळेत गेली नाही.”

तो म्हणाला, “मी काही केलं नसतं, बाई.”

“ते मला कसं कळणार होतं?”

त्याने तक्रार मागे घ्यायची विनंती केली. तिने घेतली नाही. त्याला पुन्हा असं न करण्याची लेखी हमी द्यावी लागली, आणि नंतर तो दुसऱ्या लॅबमध्ये जाऊ लागला. बाकीचे कोण होते ते कधीच कळलं नाही. तीनचार महिन्यांत त्यांना शिव्या द्यायला दुसरं कोणी सापडलं आणि मेसेज आटले.

अवघड गेलं ते लिहिणं. प्रत्येक वाक्य कापून कोणीतरी फिरवतंय असंच तिला दिसायचं. वर्षभर तिने लिहिलेलं सगळं गुळमुळीत झालं. नणंदेने ते ऐकलं आणि स्पष्ट सांगितलं, “यात कोणाला राग येणार नाही. झोप येईल.” दोघी खूप हसल्या. तिने ते ऐंशी कागद रद्दीत टाकले आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी गोष्ट एका मुलाची आहे. आजारी आईला तो पुसतो, भरवतो, आणि कधीकधी तिच्यावर खेकसतो. पुढच्या महिन्यात ही कादंबरी छापायला जाते आहे.