गोदामातली घूस

माझ्या नणंदबाईंनी, म्हणजे आमच्या वन्संनी, देवासच्या कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं आणि सुट्ट्यांत शेतातले उंदीर पकडून त्यांची मूत्रपिंडं तपासली. हळदीकुंकवाला बायका त्यांच्याजवळ बसायला कचरत. मला मात्र त्यांचं फार कौतुक. एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून एका घुशीचं मूत्रपिंड दाखवलं. नळ्यांभोवती सूज दाटली होती आणि नळ्यांत जंतूंनी मुक्काम ठोकला होता.

"पकडली तेव्हा चांगली गुबगुबीत होती ही बया," वन्सं म्हणाल्या. "आतून पोखरलेली, तरी लघवीतून जंतू सोडत खुशाल हिंडत होती."

गेल्या पावसाळ्यात माझा मुलगा तापाने पडला. बदनावरला त्याचं सोयाबीनचं गोदाम आहे. त्यात पाणी शिरलं तेव्हा अनवाणी उभं राहून त्याने पोती हलवली होती. मग डोळे पिवळे झाले, पोटऱ्या ठणकू लागल्या. आम्ही इकडे धारला कावीळ समजून त्याला उसाचा रस पाजत बसलो. लघवी कमी झाली तेव्हा मी वन्संना फोन लावला.

त्यांनी फोन त्यालाच द्यायला सांगितला. "गोदामात घूस आहे का रे?"

हिंदी शाळेत शिकलेला माझा लेक तापातही चिडला. "आत्या, मी किसी को घूस नाही देत. आपलं सगळं काम एक नंबरचं आहे."

हसावं की रडावं, मला कळेना. "अरे, लाच नाही विचारत त्या," मी म्हटलं. "घूस म्हणजे मोठा उंदीर."

"हां, वो तो भोत आहेत. पानी भरलं तर सब बिलातून बाहेर आल्या."

वन्संना एवढं पुरलं. "त्याला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. उंदरांच्या लघवीचं पाणी लागलंय म्हणून डॉक्टरांना सांगा. मी निघते."

रक्तात तोच जंतू निघाला. मूत्रपिंडं सुजली होती, पण उपचार वेळेत सुरू झाले.

बरा झाल्यावर तो आत्याला भेटायला देवासला गेला, बरोबर मीही. वन्संनी घुशीच्या मूत्रपिंडाची ती जुनी काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"इतकं होऊनही चालत-फिरत होती? कमाल आहे हिची, आत्या."

"कमालच," वन्सं म्हणाल्या. "मला हे बघायचा कधी कंटाळा आला नाही. पण तुझ्याकडे येताना रस्ताभर डोळ्यांपुढे हीच काच होती, आणि तिच्यावर तू होतास."