पेशीपटलाची भाकरी

निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. भूमच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवत होतो, पण अजून तात्पुरताच होतो. मला कायम करायचं की नाही, हे तपासणीचे साहेब ठरवणार होते. त्यांनी नेमका पेशीपटलाचा पाठ मागितला.

पेशीपटल म्हणजे पेशीभोवतीचा अतिशय पातळ पडदा. वनस्पतींत तो बाहेरच्या भिंतीला आतून इतका चिकटलेला असतो, की वेगळा दिसतच नाही. म्हणून मी घरून नमुना करून आणला: खाली-वर ज्वारीची भाकरी म्हणजे प्रथिनं, मधे लोण्याचे दोन थर म्हणजे चरबी. तेव्हा पुस्तकात असंच होतं. आता म्हणे प्रथिनं चरबीतच रुतून तरंगत असतात. पोरांना चुकीचं शिकवल्याचा तोही दोष माझ्याच माथी.

सूक्ष्मदर्शकासाठी एक लाल कांदाही होता. सगळं टेबलावर मांडून मी खडू आणायला गेलो. परत आलो, तर साहेब जेवत होते. शिपाईमामांनी कांदा बुक्कीनं फोडून, वर मीठ भुरभुरून दिला होता.

“मामा, काय केलंत हे?”

“पाव्हण्याला उपाशी ठिवायचं व्हय, मास्तर?”

“अहो, ते पेशीपटल होतं!”

“आसंल. साहेब म्हणले, लोणी लई ग्वाड हाय.”

पोरं फिदीफिदी हसली. मी भडकलो. “अक्कल नाही तुम्हाला!” वडिलांच्या वयाच्या माणसाला वर्गासमोर असं बोललो. ते बाजूला झाले.

साहेबांनी मिशा पुसल्या. “हं मास्तर, दाखवा पटल.”

ताटात कांद्याची एकच पाकळी उरली होती. तिची जांभळी साल सोलून मी भिंगाखाली ठेवली. साहेबांनी डोळा लावला तो बराच वेळ काढेनात. मग मी पाहिलं. मिठानं पेशीतलं पाणी ओढून घेतलं होतं. आतला जांभळा भाग आकसून भिंतीपासून सुटला होता आणि त्याच्याभोवती पटलाची कड स्वच्छ कळत होती. मीही ती पहिल्यांदाच बघत होतो.

“मुद्दाम मीठ वापरलंत ना? उत्तम तयारी!”

“होय साहेब,” मी म्हणालो.

महिन्याभरात कायम झाल्याचा कागद आला. तो मामांनीच आणून दिला.

“पेढं काढा, मास्तर.” मी पेढे मागवले आणि पहिला त्यांनाच दिला. “साहेब कशावर खूष झालं म्हनायचं?”

“पाठावर,” मी म्हणालो, आणि त्यांच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.