नळकांड्याची खोळ

तुमच्या आजोबांना गाडीतून उतरायला किती वेळ लागतो, ते मी घड्याळ लावून मोजले आहे. दार उघडायचे, काठी बाहेर टेकायची, डावा गुडघा दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवायचा, मग उभे राहायचे. दोन मिनिटे, वर थोडे. गेल्या मे महिन्यात गुरुग्रामच्या रस्त्यावर आमच्या पुढची एक गाडी पेटली. आतली माणसे उड्या मारून बाहेर पडली, म्हणून वाचली. तुमचे आजोबा उडी मारणाऱ्यांतले नाहीत. तेव्हाच मी ठरवले, गाडीत आग विझवायचे नळकांडे हवे.

तुमच्या काकाने ते फोनवरून मागवले. आले ते डासांच्या फवाऱ्याएवढे, वर चंदेरी नक्षी.

"काटा कुठाय?" मी विचारले.

"कसला काटा?"

"दाब दाखवणारा. आत काही शिल्लक आहे की नाही, ते कशावरून कळायचं?"

"आई, यार, हजारो लोकांनी पाच-पाच तारे दिलेत."

"त्यांतल्या कितीजणांची गाडी पेटली होती?"

ते परत पाठवून मी स्वतः दुकानात गेले. दुकानदाराने मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि म्हणाला, "आंटीजी, लेडीज के लिए ये हल्का वाला."

"आग भी लेडीज वाली लगेगी क्या?"

मग त्याने दुसरे काढले. त्याचा काटा तळाच्या लाल पट्ट्यात, म्हणजे दाब उतरलेला. "गर्मी की वजह से, बिल्कुल ठीक है." उष्णतेने दाब वाढतो, हे ज्या दिवशी शाळेत शिकवले त्या दिवशी हे गृहस्थ गैरहजर असावेत. शेवटी मीच फळीवरून एक किलो पावडरचे, आयएसआय छापाचे, हिरव्या पट्ट्यात काटा असलेले नळकांडे उतरवले.

काकाने ते कुठे ठेवावे? डिकीत, सीएनजीच्या टाकीला खेटून, वर बॅडमिंटनची बॅग. "पुढे बरं दिसत नाही, आई." म्हणजे आगीने आधी डिकी उघडेपर्यंत थांबायचे. मी मेकॅनिककडून ते आजोबांच्या सीटमागे, माझ्या पायाशी पट्टीत बसवून घेतले.

आणि मग, दिल्लीची धूळ बसू नये म्हणून, जुन्या पडद्याची खोळ शिवली. आपल्या घरात मिक्सरला खोळ, शिलाई मशीनला खोळ, पेटीला खोळ. हे एकटे उघडे कसे राहील? नाडी सैल पडू नये म्हणून वर निरगाठ.

रविवारी सोसायटीच्या आवारात, गाडी उभी असताना, आजोबा पुढच्या सीटवरून म्हणाले, "अगं, लागली आग. काढ."

मी वाकले. गाठ नखाने सुटेना. चष्मा घसरला. दातांनी ओढून पाहिली. तेवढ्यात काच वाजली. बाहेर काठी टेकून तुमचे आजोबा उभे होते.

"मी उतरलोसुद्धा. तुझं चालू दे."

काका बॉनेटवर हात ठेवून हसत होता. "आई, खोळीला किती तारे द्यायचे?"

तारेवाले, लेडीजवाला, बॅडमिंटनवाला, या रांगेत चौथी मी, आणि माझा नंबर सगळ्यांत वरचा, कारण मला सगळे कळत होते. मी घरातून कात्री आणून खोळ तिथेच फाडली. आजोबांना परत आत बसवले आणि घड्याळ लावून पुन्हा नळकांडे काढले. सात सेकंद.

आता नळकांड्यावर धूळ बसते. बसू दे.